काटोल तालुक्यातल्या अभ्यासिकेसाठी निधी हवा आहे, सुरुवात कुठून करावी?

संत्राबाग | सोमवार, रात्री 9:40

नमस्कार मंडळी. आमचं गाव नागपूर जिल्ह्यातल्या काटोल तालुक्यात. गावात महिला मंडळ आहे, नोंदणी 2009 ची. मंडळ एक अभ्यासिका चालवते. रोज वीस-बावीस पोरंपोरी येतात. कोणी पोलीस भरतीची तयारी करून राहिली, कोणी तलाठी भरतीची, दोघी नर्सिंगच्या आहेत. जागा म्हणजे जुन्या समाजमंदिराची मागची खोली, वर टिना. मे महिन्यात दुपारी बारा ते चार तिथं बसवत नाही. पावसाळ्यात एका कोपऱ्यात घमेलं ठेवावं लागते आणि त्या घमेल्याचा आवाज होतो म्हणून पोरींनी त्यात जुना टॉवेल टाकून ठेवला आहे.

मागच्या वर्षी एका कंपनीला सीएसआरसाठी, म्हणजे कंपन्या समाजकामावर जो खर्च करतात त्यासाठी, प्रस्ताव दिला होता. नागपूरच्या तीन चकरा झाल्या. त्यांचे साहेब गावात आले, खोली पाहिली, पोरींशी अर्धा तास बोलले, चहा घेऊन गेले. दीड महिन्यानं मेल आला की कागदपत्रं अपूर्ण आहेत, प्रस्ताव विचारात घेता येत नाही. कोणता कागद कमी आहे ते लिहिलं नव्हतं. ग्रामपंचायतीत विचारलं तर पैसा नाही म्हणतात.

आता एक जण गावात येऊन राहिला. म्हणतो नागपूरला ओळख आहे, पंचवीस लाखांचं अनुदान काढून देतो, आधी दहा टक्के द्या. मंडळातल्या चार-पाच जणी द्यायला तयार आहेत, बचत गटातून उचल घेऊ म्हणतात. मला पटत नाही, पण माझ्याकडं दुसरा रस्ताही नाही. कोणाला माहीत असेल तर नीट सांगा.

हिशेबनीस | सोमवार, रात्री 10:15

ताई, पहिलं काम हे करा की त्या माणसाला एक रुपया देऊ नका. बचत गटातून तर नाहीच नाही. अडीच लाखांची उचल म्हणजे त्या बायकांच्या दोन वर्षांच्या हप्त्यांचा प्रश्न आहे. सरकारी अनुदान असो की सीएसआर, मंजुरीसाठी मधल्या माणसाला आगाऊ टक्का द्यावा लागतो असा नियम कुठंही नाही.

मी संस्थांचे हिशेब करतो, नागपुरातच. तुमचा प्रस्ताव कुठं अडला असेल याचा अंदाज आहे, पण आधी एवढं सांगा:

नोंदणी फक्त सोसायटी कायद्याखाली आहे की सार्वजनिक विश्वस्त व्यवस्था कायद्याखालीही? धर्मादाय कार्यालयातून परिशिष्ट एकची, म्हणजे तिथल्या नोंदीतल्या विश्वस्तांच्या नावांच्या उताऱ्याची, नक्कल शेवटची कधी काढली, आणि तिच्यावर कोणाची नावं आहेत? मागच्या तीन वर्षांचं ऑडिट झालं का? आयकर खात्याच्या 12ए आणि 80जी या नोंदण्या आहेत का? आणि ती खोली कोणाच्या मालकीची आहे?

संत्राबाग | मंगळवार, सकाळी 6:50

दोन्ही कायद्यांखाली नोंदणी आहे. ऑडिट दरवर्षी होते, काटोलचे एक सर करून देतात. 12ए आणि 80जी काढलेलं नाही, कोणी सांगितलंच नव्हतं.

परिशिष्ट एक काल रात्री पेटीतून काढून पाहिलं. त्यावर आमच्या जुन्या अध्यक्षा काकूंचंच नाव आहे. त्या 2019 मध्ये वारल्या. नंतर आम्ही सभा घेऊन नवी कार्यकारिणी केली, ठराव वहीत लिहिला, बँकेत सह्या बदलल्या. धर्मादाय कार्यालयात कळवायचं असते हे आम्हाला माहीतच नव्हतं. खोली ग्रामपंचायतीची आहे.

हिशेबनीस | मंगळवार, सकाळी 9:05

सापडलं. कंपनीच्या टेबलावर काय झालं असेल ते असं बघा. प्रस्तावावर तुमची अध्यक्ष म्हणून सही. सोबत जोडलेल्या परिशिष्ट एकवर दुसरंच नाव. म्हणजे कागदावर तुम्हाला सहीचा अधिकारच नाही. तुमचं काम किती चांगलं आहे हा प्रश्न तिथपर्यंत पोचतच नाही.

सार्वजनिक विश्वस्त व्यवस्था कायद्याच्या कलम 22 प्रमाणं विश्वस्त किंवा पदाधिकारी बदलले की 90 दिवसांत बदल अहवाल द्यायचा असतो. तुमचा उशीर झाला आहे, पण तो माफ होतो. बदल अहवालासोबत विलंब माफीचा अर्ज द्या, काकूंचा मृत्यू दाखला लावा, त्या सभेची नोटीस आणि ठरावाची नक्कल लावा. 2019 नंतर पुन्हा कार्यकारिणी बदलली असेल तर प्रत्येक बदलाचा वेगळा अहवाल, क्रमानं. मधला एक सोडून पुढचा मंजूर होत नाही. वेळ लागेल, त्यामुळं आजच सुरू करा.

दुसरं म्हणजे सीएसआर-1. 1 एप्रिल 2021 पासून कंपनीला आपला सीएसआर खर्च बाहेरच्या संस्थेमार्फत करायचा असेल तर त्या संस्थेची कंपनी मंत्रालयाकडं सीएसआर-1 नोंदणी लागते. तुमच्यासारख्या संस्थेला ती करायला 12ए आणि 80जी दोन्ही हवेत, शिवाय अशाच कामाचा तीन वर्षांचा अनुभव. तो तुमच्याकडं आहे. हजेरीचं रजिस्टर जपून ठेवा, तोच पुरावा. नीती आयोगाच्या दर्पण पोर्टलवरही नोंद करून घ्या, फुकट होते आणि केंद्राच्या बहुतेक योजनांत तो क्रमांक मागतात.

कोणत्या कंपनीकडं जायचं हेही समजून घ्या. कंपनी कायद्याच्या कलम 135 प्रमाणं 500 कोटींची नक्त मालमत्ता, 1000 कोटींची उलाढाल किंवा 5 कोटींचा निव्वळ नफा, यातलं एक तरी असलेल्या कंपनीला मागच्या तीन वर्षांच्या सरासरी नफ्याच्या 2 टक्के सीएसआरवर खर्च करावे लागतात. त्याच कायद्याच्या सातव्या अनुसूचीत शिक्षण आहे आणि सार्वजनिक ग्रंथालय उभारणं हे शब्दही आहेत. प्रस्तावात तेच शब्द वापरा. आणि वेळ! तुम्ही प्रस्ताव कोणत्या महिन्यात दिला होता?

संत्राबाग | मंगळवार, दुपारी 1:20

जानेवारीच्या शेवटी.

हिशेबनीस | मंगळवार, दुपारी 1:45

तोपर्यंत वर्षाचा आराखडा ठरून गेलेला असतो. संचालक मंडळ वर्षाचा सीएसआर आराखडा मंजूर करते आणि खर्च 31 मार्चच्या हिशेबानं बघितला जातो. फेब्रुवारी-मार्चमध्ये कंपनीला आधीच हाती घेतलेलं काम संपवायचं असते. तुमच्यासारख्या, सीएसआरला नव्या असलेल्या संस्थेनं एप्रिल ते जून या काळात दार वाजवावं. म्हणजे हा हिवाळा कागद पुरे करण्यात घालवा, उन्हाळ्यात प्रस्ताव घेऊन जा.

जुना विस्तार अधिकारी | मंगळवार, रात्री 8:30

पंचायत समितीत तीस वर्षं काढली, म्हणून लिहितो. ग्रामपंचायतीकडं पैसा नाही हे उत्तर अर्धं आहे. खरा प्रश्न असा की तुमचं काम गावाच्या आराखड्यात आहे का.

पंधराव्या वित्त आयोगानं 2021 ते 2026 या पाच वर्षांसाठी देशातल्या ग्रामीण स्थानिक संस्थांना 2,36,805 कोटी रुपये ठरवले. आपल्या राज्यात त्यातले 80 टक्के ग्रामपंचायतीला, 10 पंचायत समितीला, 10 जिल्हा परिषदेला. चौदाव्या आयोगात सगळा पैसा ग्रामपंचायतीलाच होता. पंधराव्यात ग्रामपंचायतीच्या वाट्यातले 60 टक्के बंधित, म्हणजे निम्मे स्वच्छतेसाठी आणि निम्मे पिण्याचं पाणी व पाणी साठवणीसाठी. उरलेले 40 टक्के अबंधित. पगार आणि आस्थापनेचा खर्च सोडून, राज्यघटनेच्या अकराव्या अनुसूचीतल्या 29 विषयांपैकी गावाला गरज असेल त्यावर ते वापरता येतात.

ती अनुसूची एकदा वाचाच. 20 व्या क्रमांकावर ग्रंथालये आहेत. तुमच्या अभ्यासिकेचं काम तिथं बसते. सरपंचांना आणि ग्रामपंचायत अधिकाऱ्यांना हा क्रमांक सांगून बोला, बोलणं वेगळं होईल.

पंधराव्या आयोगाचा काळ 31 मार्च 2026 पर्यंतचा आणि 2026-27 पासून सोळाव्याचा. पुढच्या वर्षाचा आराखडा 2 ऑक्टोबरपासून जानेवारीपर्यंत तयार होऊन ई-ग्रामस्वराज या पंचायतींच्या सरकारी पोर्टलवर चढतो. तिथं जे काम नाही त्यावर वर्षभर एक पैसा निघत नाही. मागाहून सरपंचाच्या घरी कितीही चकरा मारा. 26 जानेवारीच्या ग्रामसभेत विषय आला पाहिजे, त्याआधीच्या महिला सभेत तर आलाच पाहिजे. गणपूर्ती मतदारांच्या 15 टक्के किंवा 100, यातली जी कमी असेल ती. तुमच्या बावीस पोरांच्या आईबापांना घेऊन गेलात तर निम्मी गणपूर्ती तुमचीच.

पहिल्यांदा सरपंच | मंगळवार, रात्री 10:50

साहेबांचं सगळं बरोबर आहे, पण आमची बाजूही ऐका. मी नरखेड तालुक्यातली सरपंच. लोकांना वाटते सरपंचाच्या हातात चेकबुक आहे. तसं राहिलेलं नाही. ग्रामपंचायत अधिकारी बिल टाकतात, मी मंजूर करते, दोघांच्याही डिजिटल सहीची टोकनं लागतात आणि पैसा थेट ठेकेदाराच्या खात्यात जातो. माझ्या टोकनाची मुदत संपली तेव्हा नवीन येईस्तोवर नाली साफ करणाऱ्यांचं बिल अडून होतं आणि ते लोक रोज सकाळी माझ्या अंगणात येऊन बसत. मी त्यांना काय सांगणार?

मागच्या साली आमच्याकडंही लोक म्हणाले, स्वच्छतेचे पैसे पडून आहेत, ते शाळेच्या छताला लावा. छत खरंच गळत होतं. पण बंधित पैसा छताला लावला की ऑडिटमध्ये आक्षेप निघते आणि वसुली माझ्या नावावर येते. मी नाही म्हटलं, गावानं मला नावं ठेवली. संत्राबाग ताई, तुमचे सरपंच पैसा नाही म्हणत असतील तर ते खोटं बोलतात असं लगेच समजू नका. अबंधितमध्ये किती शिल्लक आहे हा नेमका प्रश्न विचारा. ई-ग्रामस्वराजवर कोणीही पाहू शकते, लॉगिन लागत नाही.

जुना विस्तार अधिकारी | बुधवार, सकाळी 7:10

सरपंचताई, तुम्ही बरोबर केलं. माझ्या लिहिण्यातून सरपंचांवर बोट दाखवल्यासारखं झालं असेल तर तसा हेतू नव्हता. मीही अशा वसुलीच्या फायली पाहिल्या आहेत, त्यात खाल्लेला पैसा फार थोड्या ठिकाणी होता. बहुतेक ठिकाणी चांगल्या कामाला चुकीच्या लेखाशीर्षाखालचा पैसा लावला होता.

आणखी एक राहिलं. निवडून आलेली संस्था नसेल तर वित्त आयोगाचा हप्ता थांबतो. आपल्या जिल्हा परिषदेची निवडणूक जानेवारी 2020 मध्ये झाली, मुदत जानेवारी 2025 ला संपली. जिल्हा परिषद आणि पंचायत समितीच्या त्या 10 अधिक 10 टक्क्यांवर नवी निवडणूक होईपर्यंत आशा ठेवू नका. ऑडिट झालेले हिशेब ऑनलाइन चढवणं ही सुद्धा अट आहे.

उमरेडकडचा | बुधवार, दुपारी 3:30

आमच्याइकडचं सांगतो, काटोलले लागू नाही पडणार पण दुसऱ्या कोणाले उपयोगी पडेल. उमरेड, कन्हान, सावनेर या बाजूले कोळशाच्या खाणी, रामटेककडं मनसर-कांद्रीले मँगनीज. या गावांसाठी जिल्हा खनिज प्रतिष्ठानचा निधी आहे. खाण कायद्यातल्या 2015 च्या दुरुस्तीनं आला. जुन्या खाणवाल्यानं स्वामित्वधनाच्या (रॉयल्टीच्या) 30 टक्के आणि लिलावात खाण घेतलेल्यानं 10 टक्के रक्कम त्यात भरायची. 2024 च्या सुधारित नियमांत किमान 70 टक्के पैसा पाणी, प्रदूषण, आरोग्य, शिक्षण, महिला-बालकल्याण अशा कामांवर लावाचा आहे. खाणीपासून 15 किलोमीटरच्या आतलं गाव थेट बाधित धरतात, 25 पर्यंत अप्रत्यक्ष.

आमच्या गावात स्फोटानं भिंतीले तडे जातात, कपडे वाळत टाकले की संध्याकाळी काळे. पण आमचा पहिला प्रस्ताव परत आला. कारण त्यात आम्ही सभामंडप मागितला होता! गावाची पोटदुखी पाण्याची, आणि मागितला सभामंडप, कारण शेजारच्या गावाले भेटला होता. दुसऱ्या खेपेले आरोग्य केंद्रातून तीन वर्षांच्या रुग्णांची नोंद घेतली, विहिरीच्या पाण्याचा तपासणी अहवाल लावला, ग्रामसभेचा ठराव लावला आणि पाणी शुद्धीकरणाचं मागितलं. ते पुढं गेलं. मागताना आपल्या गावाले काय दुखते तेच मागा.

सतरंजीपुरा | बुधवार, रात्री 9:00

शहरातल्या वस्तीतल्या मंडळासाठी यातलं काही आहे का? आमच्याकडं पाण्याची लाइन जुनी आहे. कोणी म्हणते अमृत या केंद्राच्या शहरी पाणी योजनेतून मंडळाला पैसे भेटतात.

हिशेबनीस | बुधवार, रात्री 9:25

मंडळाला नाही, ते महानगरपालिकेला मिळतात. अमृत 2.0 मध्ये दहा लाखांवरच्या शहराला केंद्राचा वाटा 25 टक्के, एक लाखाखालच्या शहराला 50 टक्के. म्हणजे उमरेड किंवा रामटेकच्या नगर परिषदेला नागपूरपेक्षा केंद्राचा मोठा वाटा. तुम्ही वस्तीच्या सह्यांचं निवेदन आणि पाण्याच्या नमुन्याचा अहवाल झोन कार्यालयात द्या, पोच घ्या. मंडळ म्हणून तुम्हाला पाठपुरावाच करता येईल, पण तोही कमी नाही.

संत्राबाग | गुरुवार, रात्री 10:05

सगळं दोनदा वाचलं, मंडळाच्या बायकांनाही वाचून दाखवलं. एक कळलं नाही. खोली ग्रामपंचायतीची आहे तर कंपनी छतासाठी आम्हाला पैसे देईल का?

हिशेबनीस | गुरुवार, रात्री 10:40

अगदी बरोबर प्रश्न विचारला. मागच्या प्रस्तावात तुम्ही काय-काय मागितलं होतं?

संत्राबाग | गुरुवार, रात्री 10:48

छत, फरशी, संडास, टेबल-खुर्च्या, पुस्तकं, दोन कॉम्प्युटर आणि सोलर. एकूण अकरा लाख चाळीस हजार.

हिशेबनीस | गुरुवार, रात्री 11:15

तिथंच दुसरी गाठ आहे. ज्या इमारतीवर तुमची मालकी नाही, तिच्या बांधकामासाठी कोणी तुमच्या खात्यात पैसे टाकायला धजणार नाही. यादी फोडा.

छत आणि फरशी ग्रामपंचायतीच्या मालमत्तेची दुरुस्ती आहे, ती अबंधितमधून आराखड्यात घाला. संडास स्वच्छतेच्या बंधित पैशात बसतो, सार्वजनिक वापराचा म्हणून. म्हणजे सरपंचांना जो पैसा छताला लावता येत नव्हता तो इथं रीतसर लागतो. टेबल-खुर्च्या, पुस्तकं, कॉम्प्युटर या हलवता येणाऱ्या वस्तू मंडळाच्या नावावर सीएसआरमधून मागा, ती रक्कम दोन-अडीच लाखांच्या आत बसेल. नव्या संस्थेला पहिल्या वेळी एवढीच रक्कम मिळणं सोपं जाते. आणि ग्रामपंचायतीकडून खोली मंडळाला अभ्यासिकेसाठी किमान दहा वर्षं वापरायला दिल्याचा ठराव घ्या. तो प्रत्येक प्रस्तावाला लागेल.

एक नक्की लक्षात ठेवा. पैसा आल्यावर वेगळं खातं किंवा निदान वेगळी खातेवही ठेवा. केंद्राचं अनुदान असेल तर त्यावर बँकेनं दिलेलं व्याजसुद्धा सरकारचं असते, ते परत भरावं लागते. पैसा ठरलेल्या कामावरच खर्च झाल्याचं उपयोगिता प्रमाणपत्र वेळेवर दिलं नाही तर पुढचा हप्ता येत नाही. चांगल्या संस्थांची नावं या एका कागदापायी काळ्या यादीत गेलेली मी पाहिली आहेत, आणि दरवेळी वाईट वाटते, कारण काम खरंच झालेलं असते.

पहिल्यांदा सरपंच | शुक्रवार, सकाळी 8:20

यादी फोडायची ही गोष्ट मला माझ्या गावासाठीही कामाची आहे. आमच्या बचत गटाचं संत्रा प्रक्रियेचं असंच अडून आहे. एक जिल्हा एक उत्पादनात नागपूरला संत्राच आहे, सूक्ष्म अन्न प्रक्रिया योजनेत 35 टक्के अनुदान आहे आणि गटातल्या प्रत्येकीला बीज भांडवल 40,000 रुपयांपर्यंत. पण ते बँकेच्या कर्जाला जोडून येते, आणि आम्ही शेड, यंत्र, गाडी सगळं एकाच अर्जात घालून बसलो. आज पुन्हा लिहायला घेते.

संत्राबाग | पुढचा रविवार, रात्री 8:15

झालं ते सांगते.

तो दहा टक्केवाला बुधवारी परत आला. मंडळाच्या सभेत मी त्याला विचारलं, अनुदान कोणत्या योजनेतलं आणि कोणत्या खात्याकडून येते ते लिहून द्या. त्यानं लिहून दिलं नाही. ज्या बायका पैसे द्यायला तयार होत्या त्यांनीच त्याला सांगितलं की पुन्हा येऊ नका.

धर्मादाय कार्यालयात दोन बदल अहवाल एकामागून एक दाखल केले, सोबत विलंब माफीचा अर्ज. काकूंच्या मुलानं मृत्यू दाखला आणून दिला. त्याला खूप बरं वाटलं की आईचं नाव अजून कागदावर होतं, आणि काढायचं म्हटल्यावर थोडा वेळ गप्प बसला. अभ्यासिकेला काकूंचं नाव द्यायचं मंडळानं ठरवलं आहे, तो ठरावही वहीत घेतला.

सरपंचांकडं अकरावी अनुसूची छापून घेऊन गेले आणि 20 व्या क्रमांकाखाली पेनानं रेघ मारून दिली. त्यांनी ग्रामपंचायत अधिकाऱ्यांना बोलावलं. अबंधितमध्ये शिल्लक आहे, फार नाही, पण छताइतकी होईल म्हणाले. परवा पंचायत समितीचे शाखा अभियंता आले. टेप लावली, अठरा बाय चोवीस फूट निघालं. पोरी उठून भिंतीशी उभ्या राहिल्या आणि त्यांनी घमेलं आपणहून बाजूला केलं. साहेबांनी विचारलं, हे कशाचं? मग वर बघितलं आणि वहीत लिहून घेतलं.

अंदाजपत्रक आठवड्यात येईल. इथं टाकलं तर छताचा दर बरोबर धरला आहे का, कोणी पाहून देईल का?

जुना विस्तार अधिकारी | रविवार, रात्री 8:50

टाका ताई. चालू दरसूची माझ्याजवळ आहे, एकेक ओळ तपासून देतो. टिना काढून स्लॅब धरला असेल तर आधी भिंतीची जाडी किती आहे ते मोजून कळवा.